मंगळवार पेठेतला आखान

गणपतराव समुद्र्यांना राष्ट्रांचा न्याय करायला कुणी सांगितलं नव्हतं. देवानं तर नाहीच. पण मंगळवार पेठेतल्या इम्मानुएल मंडळीच्या उपासनेत दर रविवारी ‘देशासाठी प्रार्थना’ म्हणून पाच मिनिटं असत, आणि ती पाच मिनिटं बावीस वर्षं त्यांच्या ताब्यात होती. पाचाची वीस कधी झाली कुणाला कळलं नाही. डोळे मिटून, मूठ वर करून ते सुरू करायचे. निनवे पडलं, बाबेल पडलं, सोर-सीदोनची राख झाली. मग रोम. मग इंग्रज. अमेरिकेपाशी जरा दबकायचे, कारण चर्चचा पाया अमेरिकन मिशनऱ्यांनी घातलेला. आणि शेवटी हमखास सांगलीवर यायचे. सांगलीनं देवाचा नक्की कुठला करार मोडला ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मंडळीनंही विचारलं नाही. कोल्हापुरात सांगलीबद्दल पुरावा मागायची पद्धत नाही.

माणूस शिकलेला नव्हता, पण वाचलेला होता, आणि असा माणूस शिकलेल्यापेक्षा जास्त धोकादायक असतो. शिरोली एमआयडीसीतल्या एका लोखंड ओतायच्या फौंड्रीत तीस वर्षं साचे भरणारा मोल्डर. रद्दीच्या दुकानातून मिशनच्या काळातली जाडजूड भाष्यं आणून त्यांनी करार हा विषय पाठ केला होता. देव एकेकट्याशी बोलत नाही, असं ते सांगायचे. देव लोकांशी करार करतो, सगळ्या राष्ट्राशी मिळून. एकजण सगळ्यांच्या वतीनं उभा राहतो. तो पडला की सगळे पडले. आदाम पडला आणि आपण रिजेक्ट झालो. फौंड्रीतही तेच, पॅटर्नला, म्हणजे साच्याच्या मूळ नमुन्याला, खोट असली की त्यातून निघालेला प्रत्येक जॉब भंगारात. ही उपमा मंडळीला पटायची. निम्मी मंडळी फौंड्रीतलीच.

आता फुटबॉल. पेठेत राहायचं आणि फुटबॉलशी संबंध नाही म्हणायचं, म्हणजे कोल्हापुरात राहून तिखट चालत नाही म्हणण्यासारखं. इम्मानुएल फुटबॉल क्लब मिशनच्या काळापासूनचा. नाव मंडळीचं, पण अकरा जणांत मंडळीतले चारच. गोलकीपर अरबाज, बागवान गल्लीतला. पुढं खेळणारा प्रसेनजीत, बौद्ध वस्तीतला, पळायला लागला की चेंडूच मागं राहायचा. कप्तान कृष्णात, ह्या तिघांत तो तेवढा मंडळीचा. त्या हंगामात सात सामने झाले आणि इम्मानुएल सातही हरली. आठवा वज्रदेही तालमीच्या संघाशी. तो हरला की क्लब खालच्या गटात.

सातव्या पराभवानंतरच्या रविवारी गणपतरावांनी निनवे आणि बाबेल बाजूला ठेवलं आणि थेट पेठेवर आले. म्हणाले, आपला बचाव कच्चा आहे म्हणून आपण हरत नाही. यहोशवाचं सैन्य आय नावाच्या किरकोळ गावाकडून का हरलं? कारण छावणीत एकजण होता, आखान. देवानं शिवू नका म्हटलेला माल त्यानं चोरला, त्यात एक परदेशी झगा होता, आणि तो तंबूखाली पुरून ठेवला. पाप एकाचं आणि पराभव अख्ख्या राष्ट्राचा. आपल्यातही एक आखान आहे. तो सापडल्याशिवाय हे राष्ट्र उठणार नाही.

बोलताना त्यांच्या डोळ्यांसमोर कृष्णातची गुटख्याची पुडी होती. फार तर क्रांतीचा मोबाइल. क्रांती ही त्यांची भाची, चर्चच्या गायनवृंदात बसून मोबाइल बघायची.

पण नवे पाळक उठले. पाळकसाहेब अठ्ठावीस वर्षांचे, नगरकडचे, मऊ बोलणारे. आठ महिने त्यांचा उपदेश गणपतरावांच्या राष्ट्रांखाली चिरडला जात होता. ते शांतपणे म्हणाले, गणपतरावकाकांचं बरोबर आहे. यहोशवानं चिठ्ठ्या टाकून आखान शोधला, तसंच आपणही करू. पुढच्या रविवारी. आणि जो सापडेल त्यानं उभं राहून कबूल करावं.

मंडळीला उत्साह आला. मंडळीला पापात रस असतोच, फक्त ते दुसऱ्याचं असावं लागतं.

घरी गणपतरावांनी मटणाचा पहिला घास घेतला तेव्हा त्यांची बायको मीनाबाई म्हणाली, “अवो, आन् ट्रंकेतलं?”

घास तिथंच राहिला.

ट्रंकेत, मीनाबाईच्या शालूखाली, डांबरगोळ्या घालून एक जर्सी ठेवली होती. वज्रदेही तालमीची. पाठीवर नऊ नंबर.

हे समजायला नव्वद सालच्या फायनलकडं जावं लागतं. इम्मानुएल क्लब तेव्हा इतिहासात पहिल्यांदा आणि शेवटचा फायनलला पोचला. समोर वज्रदेही. वळवाचा पाऊस झालेला, मैदानाचा नुसता चिखल, रेंदा. शेवटचं मिनिट, शून्य-शून्य. डावीकडून चेंडू आला आणि वज्रदेहीनं मुरगूडहून त्या एका हंगामापुरता आणलेला, इकडं कुणाला नावही ठाऊक नसलेला एक काटकुळा, केसाळ पोरगा उडाला. चेंडू जाळ्यात. इम्मानुएलचा गोलकीपर अण्णासो आवळे पंचाच्या मागं फाटकापर्यंत “हात, हात” ओरडत धावला. पंचाला दिसलं नव्हतं. कुणालाच दिसलं नव्हतं. त्या मुरगूडच्या नऊ नंबरला मंडळी आजही शिव्या घालते, ख्रिस्ती माणसाला जितक्या घालता येतात तितक्या आणि वर चार. पण खरं भोगलं अण्णासोनं. हरलेला माणूस कारण सांगतो, म्हणून लोक हसले. त्याच्या सायकलीच्या दुकानावरून जाताना लोक चौतीस वर्षं एक हात वर करून जात होते, आणि तो नमस्कार नव्हता.

तो मुरगूडचा पोरगा म्हणजे गणपतराव. दोन वर्षांनी टायफॉइडनं केस नेले, मग शिरोलीच्या भाकरीनं पोट दिलं, आणि चौथ्या वर्षी ते मंगळवार पेठेत जावई म्हणून आले तेव्हा सख्ख्या आईनंही जरा निरखून बघितलं असतं. पहिल्या वर्षी सांगायचं राहिलं. दुसऱ्या वर्षी सांगायला उशीर झाला. तिसऱ्या वर्षी मंडळीचे पंच, म्हणजे चर्चचे कारभारी, म्हणून निवडून आले. अण्णासोच्या दुकानावरून जाताना तेही हात वर करायचे. न करावं तर संशय येईल म्हणून.

आणि चेंडू हातानं मारला होता. हे फक्त दोघांना माहीत, त्यांना आणि मीनाबाईला. अण्णासोला तर माहीत होतंच, पण त्याचं कोण ऐकतंय.

आता सापडलं तर काय जाणार हे गणपतरावांना बोटावर मोजता येत होतं. पंचपद, वीस मिनिटं आणि प्रभुभोजनाच्या मेजापाशी पहिल्या रांगेत उभं राहायची जागा. मंगळवारी त्यांनी जर्सी डब्याच्या पिशवीत घालून फौंड्रीत नेली. भट्टीसमोर उभे राहिले. आत लोखंड पाण्यासारखं हलत होतं, एक क्षणाचं काम. पण आयुष्यात त्यांनी मारलेला तो एकच गोल होता. संध्याकाळी डब्याबरोबर जर्सी परत आली. मीनाबाईनं नव्या डांबरगोळ्या काढल्या.

रविवार उजाडला. चिठ्ठ्या लिहायचं काम गणपतरावांकडं, कारण अक्षर त्यांचं. यहोशवानं आधी वंश, मग कूळ, मग घराणं, मग माणूस असं गाळत आणलं होतं. इथं आधी गट करायचे ठरलं: पंच, गायन, महिला मंडळ, फुटबॉल क्लब. मग त्या गटाच्या वेगळ्या थैलीतली नावं. गणपतराव पंचांतही होते आणि क्लबचे अध्यक्षही, म्हणून त्यांना आपलं नाव दोनदा लिहावं लागलं. लिहिलं. इतका वाईट माणूस नव्हता तो. फक्त आपल्या चिठ्ठ्या जरा घट्ट दुमडल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या.

थैल्यांत चिठ्ठ्या पडत असताना दारातून अरबाज आणि प्रसेनजीत आत आले, नुसते सरावाचे बूट काढून, टीशर्टवरच.

“काका, आमची नावं घातली न्हव?” अरबाजनं विचारलं.

गणपतरावांनी मोठ्या मनानं समजावलं की त्यांनी काळजी करू नये. ते मंडळीत नाहीत, म्हणजे करारात नाहीत. हा दोष त्यांच्यावर येत नाही, खुशाल घरी जावं.

“सात मॅचीत बावीस गोल म्या खाल्ल्यात,” अरबाज म्हणाला. “हरताना आमी आत, आन् न्याय कराय लागल्यावर भाईर व्हय?”

प्रसेनजीत भिंतीला टेकून उभा होता. “यादीतनं वगळायची आमाला सवय हाय, काका. पर निदान पापाच्या यादीत तरी घ्या.”

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं, दोन चिठ्ठ्या स्वतः लिहिल्या आणि क्लबच्या थैलीत टाकल्या. गणपतरावांना ते आवडलं नाही, पण भाष्यात त्यावर उत्तर सापडेना. आपल्या लोकांबरोबर मार खायला जो आपण होऊन येतो, तो आतला की बाहेरचा? रद्दीतल्या चारही खंडांत हा प्रश्न नव्हता.

चिठ्ठी काढायला बयाबाई. वय नव्वदच्या पुढं, एका डोळ्यानं उजेड दिसायचा, दुसऱ्यानं तोही नाही. तिनं गटांच्या थैलीत कोपरापर्यंत हात घातला, चिंचोके निवडावेत तसं बराच वेळ चाचपलं आणि पहिली चिठ्ठी काढली. फुटबॉल क्लब. महिला मंडळानं सुटकेचा श्वास टाकला, जरा मोठ्यानंच. दुसऱ्यांदा हात क्लबच्या थैलीत गेला. गणपतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कुठल्याही राष्ट्राचं नाव न घेता प्रार्थना केली.

पाळकसाहेबांनी चिठ्ठी उलगडली. मग वाचलं, “अरबाज.”

मागच्या बाकांवरून एक आवाज आला, मोठा नाही, आपापसात बोलल्यासारखा:

“मला वाटलंच हुतं.”

ह्या देशात हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की बोलणाऱ्याच्या चहाचा घोटसुद्धा अडत नाही. पाकीट हरवलं, मला वाटलंच होतं. मोटर चोरीला गेली, मला वाटलंच होतं. काय वाटलं होतं आणि का, ते कुणी कुणाला विचारत नाही. सगळ्यांना आधीच वाटलेलं असतं. राष्ट्रांचा न्याय व्हायचाच असेल तर देवानं निनवे-बाबेलपाशी वेळ घालवू नये, ह्या तीन शब्दांपासून सुरुवात करावी.

अरबाज पुढं येऊन उभा राहिला. घाबरला नव्हता, पण बावरला होता, आणि प्रामाणिकपणे आपलं पाप शोधत होता. म्हणाला, गेल्या रोज्यात एकदा सरावानंतर पाणी प्यायलं होतं, अम्मीला माहीत नाही. बिबीजानआजीच्या डब्यातल्या खारका खाल्ल्या होत्या. चौथ्या मॅचला समोरच्याला पायात पाय घातला, पण ती तर फ्रीकिक दिली होती पंचानं. “आन् पुरलेलं म्हणशीला तर काय न्हाय बघा. भाड्याची खोली हाय. फरशी उचलली तर मालक मारंल.”

तरी दोन पंच उठले. खोली बघून येऊ म्हणाले. एकानं चपला शोधायला सुरुवात केली. अरबाज त्यांना किल्ली द्यायला खिशात हात घालत होता.

गणपतरावांनी बायकांच्या बाजूला बघितलं. मीनाबाई त्यांच्याकडं बघत होती. तीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांच्याकडं असं एकदाच बघितलं होतं, ते गॅस चालू ठेवून कामावर गेले तेव्हा.

सुटलो होतो की, असं त्यांच्या मनात आलं. देवाची चिठ्ठी, देवाचा निर्णय, आणि आपण सुटलो. बावीस वर्षं ते सांगत आले होते की एकजण सगळ्यांच्या जागी उभा राहतो. पण असा प्रत्यक्ष, खारकांची चोरी आठवत, खोलीची किल्ली हातात घेऊन, आपल्या जागी उभा राहिलेला माणूस त्यांनी कधी बघितला नव्हता. तो बघवेना.

ते उठले. गुडघे बाकाला आपटले.

“थांबा. ती किल्ली ठेव खिशात,” ते म्हणाले. “मुरगूडचा नऊ नंबर म्या हाय.”

कुणी विश्वास ठेवला नाही. कृष्णात तर म्हणाला, काका, तुम्ही जिना चढताना दोनदा थांबता. मग मीनाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, “खरं हाय ते. जर्सी ट्रंकेत हाय. डांबरगोळ्या मीच घालती.”

पहिल्या बाकावरून अण्णासो आवळे वळला. सहासष्ट वर्षांचा, एक गुडघा कायमचा गेलेला.

“डोक्यानं मारलास का हातानं?”

“हातानं.”

“मोठ्यानं सांग. मागं ऐकू गेलं न्हाय.”

“हातानं मारला, अण्णासो.”

“आणि एकदा.”

गणपतरावांनी आणखी एकदा सांगितलं, राष्ट्रांसाठी राखून ठेवलेल्या आवाजात. बाहेर रिक्षावाल्यालाही ऐकू गेलं.

अण्णासोनं गुडघा चोळला. मग म्हणाला, “कुठला हात?”

“डावा.”

“डावा?” त्याचा चेहरा पडला. “आरं मी चौतीस वर्षं उजवा सांगतोय सगळ्यास्नी.”

त्यानंतर जो गोंधळ झाला तो गणपतरावांच्या कुठल्याच भाष्यात बसणारा नव्हता. सत्तावीस वर्षं खोटेपणानं पंच राहिला, हे कुणाला फारसं लागलं नाही. गोल लागला. मिशनच्या काळातलं एक म्हातारं तर रडायलाच लागलं, कप आपला हुता, कप आपला हुता, म्हणत. क्लब वज्रदेहीकडं रीतसर पत्र लिहून कप परत मागणार, असा ठराव तिथल्या तिथं मांडला गेला. ‘मला वाटलंच हुतं’ म्हणणारा माणूस ह्या गडबडीत मागच्या दारानं निघून गेला. तो कोण ते सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी त्याला हाक मारली नाही. हेही लिहून ठेवायला हवं.

गणपतराव पाळकसाहेबांजवळ गेले आणि हळूच विचारलं की चिठ्ठी तर अरबाजची निघाली, मग देवाची चूक झाली का. पाळकसाहेब म्हणाले, “काका, तुमची निघाली असती तर तुम्ही कबूल झाला असता?” गणपतरावांनी विचार केला. चिठ्ठी पुन्हा काढा म्हणाले असते. नियमावर बोट ठेवून वीस मिनिटं बोलले असते. ते जागेवर परत आले.

“दगडं कवा मारायची?” बयाबाईनं विचारलं. तिला आखानाची गोष्ट पाठ होती. त्याला सगळ्या इस्राएलानं मिळून दगडमार केला होता.

पाळकसाहेब घाईनं म्हणाले, ते जुन्या करारातलं, आपण नव्या करारातले. पण मंडळीच्या तोंडावर निराशा दिसली. तेव्हा अण्णासो काठी टेकत उठला. शिक्षा मी ठरवणार, म्हणाला, कारण नुकसान माझं. आणि त्यानं ठरवली.

चर्चच्या मागं मिशनचं छोटं मैदान आहे. गणपतरावांना तिथल्या गोलात उभं करायचं आणि मंडळीतल्या प्रत्येकानं एकेक पेनल्टी मारायची. बायका-पोरं धरून सगळ्यांनी. पंचपद राहतं की जातं ते नंतर बघू.

अरबाजनं आपले हातमोजे त्यांना घातले. “घाला, काका. उघड्या हाताची तुमास्नी खोड हाय.”

एकशे चौदा माणसांची रांग लागली. रविवारचे बूट, नऊवारी, इस्त्रीच्या पँटी. गणपतरावांच्या पोटाला चेंडू लागले, मांड्यांना लागले, एक कपाळाला लागून चष्मा उडाला. क्रांतीनं मोबाइल मैत्रिणीकडं दिला, पदर खोचला आणि असा मारला की जाळी फाटली. मोबाइलबद्दल मामा आठ महिने बोलला होता. बयाबाईला दोघींनी धरून आणलं. तिनं चेंडूला पाय लावला, चेंडू दोन वीत गेला आणि सगळ्यांनी गोल दिला. प्रसेनजीतनं मात्र हलकाच मारला, सरळ हातात. पुढच्या रविवारी वज्रदेहीशी काय झालं ते विचारू नका. आखान सापडूनही तीन-शून्य.

सगळ्यात शेवटी अण्णासो. काठी कृष्णातकडं दिली. चेंडू स्वतः ठेवला, दोनदा हलवून.

“सोडू नगंस,” तो म्हणाला. “दया करून सोडलास तर परत तोंड बघणार न्हाय तुजं.”

“न्हाय सोडत.”

अण्णासो तीन पावलं लंगडत आला आणि मारला. जोर नव्हता. चेंडू घरंगळत, खड्डे चुकवत, उजव्या कोपऱ्याकडं निघाला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसालाही आरामात अडवता आला असता. गणपतरावांनी खरोखर अडवायचं ठरवलं, मनापासून ठरवलं, आणि उजवीकडं झेप घेतली. कमरेत काहीतरी चमकलं. ते अर्ध्या वाटेतच खाली पडले, तोंड मातीत, आणि चेंडू त्यांच्या बोटांपलीकडून जाऊन थांबला.

मंडळीत आरडाओरडा झाला. निम्मी म्हणत होती गोल, निम्मी म्हणत होती नाही. अरबाज कोपऱ्यापासून लांब होता, पाळकसाहेबांना फुटबॉल कळत नव्हता. चेंडू कुठं थांबला ते नीट दिसण्याइतका जवळ एकच माणूस होता, आणि तो उठू शकत नव्हता. त्याचं नाक गोलाच्या, फक्कीनं आखलेल्या रेघेपासून वीतभर होतं.

“गप बसा सगळी,” अण्णासो म्हणाला. “त्येला सांगू दे.”

गणपतरावांनी बघितलं. फक्कीची पांढरी रेघ चेंडूखालून अलीकडं जरा बाहेर आली होती, पण वरून चेंडूची फुगीर बाजू रेघेवरच होती. अख्खा चेंडू पलीकडं गेल्याशिवाय गोल होत नाही, आणि तो गेला नव्हता. आणि समोर अण्णासो उभा होता, चौतीस वर्षं थांबलेला, एका पायावर. ‘गोल’ म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. कुणी तपासायला येणार नव्हतं. त्या वेळीही कुणी आलं नव्हतं.

“न्हाय,” ते मातीतूनच म्हणाले. “रेघंवर हाय. गोल न्हाय, अण्णासो.”

रांगेतून एक नापसंतीचा सूर निघाला. मीनाबाईनं डोळ्यांना पदर लावला. अण्णासो लंगडत गोलापर्यंत आला, वाकून चेंडूकडं बघितलं, मग गणपतरावांकडं. मग चेंडू उचलून काखेत धरला आणि परत पेनल्टीच्या खुणेकडं निघाला.

“ऊठ,” तो जाता जाता म्हणाला. “आनखी एक मारतो.”